जे जोशी सर कधी म्हणालेच नव्हते

अनुभवकथन म्हटलं की तुम्ही जरा सरसावून बसला असाल. पांढऱ्या केसांचा माणूस असेल, चष्मा पुसत पुसत चाळीस वर्षांची सेवा सांगेल आणि शेवटच्या परिच्छेदात डोळ्यांत पाणी आणेल. माफ करा. माझे केस काळे आहेत, चष्मा नाय, आणि सेवा म्हणाल तर ती तासावर चालते. लेख अर्थशास्त्राच्या मास्तरचा आहे हे कळल्यावर काही जणांना वाटलं असेल, चला, आता कुठले शेअर घ्यावेत ते तरी समजेल. तेही नाय. मला क्रांती चौकात उभं राहून रिक्षा करावी का चालत जावं हे ठरवायला दहा मिनिटं लागतात.

तर धंदा काय, ते आधी सांगतो. मी संतोष काकडे, मूळ सिल्लोडचा. शिक्षण सिल्लोडच्या शाळेत झालं, तिथं मी अभ्यासापेक्षा मास्तरांचे आवाज जास्त चांगले काढायचो. हेडमास्तरांच्या आवाजात 'शाळा सुटली' म्हणून आख्खी शाळा एकदा अकरा वाजताच घरी पाठवली होती. पुढं एम.ए. झालो, नेट पास झालो आणि संभाजीनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. सुट्टी आली, पैसे नाय. परीक्षा आली, पैसे नाय. पुढाऱ्याच्या सभेला मैदान दिलं म्हणून कॉलेज बंद, पोरं खूश, परमनंट सर खूश, आणि मी गेटवर उभा राहून दुखवटा पाळतो.

मला दिलेला पेपर होता आर्थिक विचारांचा इतिहास. म्हणजे वस्तूची किंमत कशानं ठरते यावर दोन-अडीचशे वर्षं माणसं कशी भांडली, त्याची साग्रसंगीत हकीकत. या भांडणाऱ्या साहेबांची नावं पोरांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी दोन टोळ्या पाडल्या होत्या. एक घामवाले, दुसरे वळणवाले.

घामवाले म्हणतात, शर्टाची किंमत त्यात गेलेल्या मेहनतीनं ठरते. कापूस लावणारा, वेचणारा, विणणारा, शिवणारा, सगळ्यांचा घाम जमा करा, झाली किंमत. ऐकायला लई भारी. पण मागच्या बाकावरून सोयगावचं एखादं पोरगं विचारतंच की सर, जुना तांदूळ नव्यापेक्षा महाग का? पोत्यात नुसता पडून होता, त्याला कुठं घाम आला? घामवाल्यांच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांचीही हयात असल्याच प्रश्नात गेली. त्यांच्यातल्याच एका साहेबानं आयुष्यभर शिकवलं की देशात मजुरीसाठी एक ठरावीक गाठोडं असतं, ते वाटून घ्यायचं, आदळआपट करून वाढत नसतं. आणि म्हातारपणी त्यानं छापून कबूल केलं की माझं चुकलं, असं गाठोडंबिठोडं काही नसतं.

वळणवाले नंतर आले. तीन देशांतल्या तीन माणसांनी, एकमेकांना न विचारता, थोड्याफार अंतरानं एकच गोष्ट लिहिली. परीक्षेच्या हॉलमध्ये असं झालं असतं तर तिघांवर कॉपीची केस झाली असती. ते म्हणाले, मागं किती मेहनत गेली ते सोडा, पुढचा एक नग तुम्हाला किती हवासा वाटतो ते बघा. पहिला जिलेबीचा वेढा स्वर्ग, दुसरा बरा, सहावा नको. हे 'पुढच्या एकाचं' सुख म्हणजे सीमांत उपयोगिता. ती प्रत्येक पायरीला किती कमी होते ते गणितानं मोजा, वक्र, म्हणजे वळण, काढा, वक्राचा उतार काढा, किंमत सापडेल. मजुराचंही तसंच. आणखी एक तास राबण्याचा त्रास आणि त्या तासाची मजुरी जिथं बरोबरीला येते, तिथं मजूर हात थांबवतो. म्हणजे कागदावर थांबवतो.

आमच्या विभागात या दोन टोळ्या जिवंत होत्या. तळमजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत घामवाले जोशी सर आणि वर बावीस नंबरमध्ये वळणवाल्या साळवे मॅडम.

जोशी सर समर्थनगरचे. घामावर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाय, आणि घाम येऊ नये म्हणून चौदा नंबरात तीन पंखे लावणाराही. श्रम हा शब्द उच्चारताना ते डोळे मिटायचे. घरची मोगऱ्याची कुंडी उचलायलासुद्धा माळी यायचा. दर दुसऱ्या वाक्याला 'बरं का' म्हणायचे, ते नाकातून. एका पोरानं तर पेपरात आख्खं उत्तर त्यांच्या आवाजात लिहिलं होतं, 'मूल्य हे, बरं का, श्रमातून, बरं का'. सरांनी त्याला दहापैकी नऊ दिले.

साळवे मॅडम देवगाव रंगारीकडच्या एका वस्तीतल्या. लहानपणी सुट्टीत आईबरोबर कापूस वेचणीला जायच्या, पुढं शिष्यवृत्तीवर शिकल्या आणि गणितात विद्यापीठात पहिल्या आल्या. घामाचं कौतुक ऐकलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. एकदा मला म्हणाल्या होत्या, घाम ज्यांनी गाळलाय ते त्यावर कविता करत नाहीत, ते त्यातून बाहेर कसं पडायचं त्याचा हिशोब करतात. फळ्यावर खडू तीनदा आपटून त्या विचारायच्या, "कळलं?" आणि कुणी बोलायच्या आत स्वतःच सांगायच्या, "नाही कळलं."

ही दोन माणसं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. झालं असं होतं की कॉलेजच्या वार्षिक अंकात सरांनी मॅडमच्या समीकरणांना रांगोळी म्हटलं. मॅडमनी तो लेख लाल पेनानं तपासून, चुका मोजून, शेवटी 'पुन्हा लिहा' असा शेरा मारून सरांच्या टेबलावर ठेवला. त्यानंतर सर कधी वर चढले नाहीत आणि मॅडम खाली उतरल्या त्या थेट गेटकडेच.

पण विभाग तर चालायला पाहिजे. प्रश्नपत्रिका, वेळापत्रक, खडू, डस्टर, सगळ्याला दोघांची सही लागायची. मग निरोप न्यायचा कुणी? तासावरच्या माणसानं. जिना चढण्याचे मला पैसे नव्हते, ते मी फुकट चढायचो. आणि नुसता निरोप सांगायला मला लाज वाटायची, म्हणून मी तो ज्याचा त्याच्या आवाजात द्यायचो. नाकातून 'बरं का' करत वर जायचो, खडू आपटत 'कळलं? नाही कळलं' करत खाली यायचो. पहिल्यांदा मॅडम दचकल्या होत्या. पुढं त्यांना त्याची सवयच झाली. मी साध्या आवाजात काही सांगायला लागलो की त्या म्हणायच्या, हे तुझं आहे की त्यांचं, नीट सांग. म्हणजे आमच्यात न ठरवता एक कायदा ठरला. आवाज सरांचा असला की शब्दही सरांचेच. त्यात काकडेनं काना-मात्रेची भर घालायची नाय.

कँटीनचे शफीकभाई रोज विचारायचे, "क्या सर, आज किसका गला लेके आये?" ज्याचा आवाज काढला त्याच्या आवडीचा चहा ते मला द्यायचे. त्यामुळं जोशी सर होऊन गेलो की बिनसाखरेचा मिळायचा.

आता संकट. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावलं आणि सांगितलं की माझा पेपर ऐच्छिक आहे, शनिवारपर्यंत वीस पोरांनी नाव दिलं नाय तर तो यंदा बंद. यादीत नावं होती अकरा. त्यातलं एक पोरगं फेब्रुवारीतच पोलीस भरतीत लागून निघून गेलं होतं. पेपर बंद म्हणजे माझे सगळे तास बंद. तास बंद म्हणजे सिल्लोडला परत आणि मामाच्या मक्याच्या आडतीवर पोती मोजायला. मामा वाईट नाय, पण तो मला बघितलं की म्हणतो, जरा कलेक्टरचा आवाज काढ. आयुष्यभर कलेक्टरचा आवाज काढत मक्यावर बसायचं मला जिवावर आलं होतं.

प्राचार्यांनीच एक वाट दाखवली. म्हणाले, पोरांना तुझ्या इतिहासात रस नाय, पण जोशी आणि साळवे एका स्टेजवर आले तर आख्खं कॉलेज येईल. शुक्रवारी हॉल देतो. वाद ठेव, श्रम की गणित. वादानंतर दारातच यादी ठेव.

मंगळवारी चौदा नंबरात गेलो. सरांना सगळं सांगितलं, माझ्या तासांचंही सांगितलं. सरांना वाईट वाटलं, त्यांनी तिसरा पंखाही माझ्याकडं वळवला. पण वादाचं नाव काढताच म्हणाले की, त्या बाईंसमोर मी उभा राहणार नाही, बरं का, जा, असाच निरोप दे.

चौदा नंबर ते बावीस नंबर, मधे अठ्ठावीस पायऱ्या. त्या दिवशी मी एकेका पायरीवर थांबत होतो. हा निरोप वर पोचला की विषय संपणार होता. सोळाव्या पायरीवर मला माझी आई आठवली. माया वगैरे काही दाटून आली नव्हती, मला वाद घालायला मुद्दा पाहिजे होता.

आई आणि आमच्या गल्लीतल्या बाया कापूस वेचायला जायच्या. सकाळी टेम्पो यायचा, वीस-बावीस बाया उभ्यानं भरायचा आणि रानात सोडायचा. संध्याकाळी तोच टेम्पो परत आणायचा. मला एवढं माहीत होतं. बाकीचं मी तिथंच जिन्यात जुळवलं आणि सरांचं नाक लावून बावीस नंबरात शिरलो.

"मॅडम," मी सरांच्या आवाजात म्हणालो, "तुमचा मजूर कुठं थांबतो, बरं का, हे तुम्ही वक्रावर दाखवता. पण वेचणीची बाई टेम्पोनं जाते आणि टेम्पो पाचला निघतो. बाईला साडेतीनला थांबावंसं वाटलं तरी ती घरी जाऊ शकत नाही, सहापर्यंत वेचावंसं वाटलं तरी मागं राहू शकत नाही. ती थांबते ती टेम्पोमुळं. तिथं गुळगुळीत वळण नाहीच, एकच उंच पायरी आहे. आणि पायरीच्या कडेवर उतार कसा काढायचा? उत्तर असेल तर शुक्रवारी हॉलमध्ये वाद ठेवलाय, तिथं द्या."

मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यांनी फळ्याकडं बघितलं. फळ्यावर नेमकं एक वळण काढलेलं होतं.

"हे ते म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मी व्हय म्हणालो. सरांच्याच आवाजात म्हणालो. तेवढं तरी माझ्या आवाजात म्हणायला पाहिजे होतं, असं आता वाटतं.

मॅडम म्हणाल्या की नऊ वर्षांत पहिल्यांदा ते शहाण्यासारखं बोललेत, सांग, मी येते.

आता खाली काय सांगायचं? कायद्याप्रमाणं मी खडू आपटला आणि मॅडमच्या आवाजात सांगितलं की सरांचा मुद्दा बिनतोड आहे, मी शुक्रवारी उत्तर द्यायला येते. सरांनी चष्मा काढला. कुठला मुद्दा, म्हणाले. मी म्हणालो, तो टेम्पोचा, सर, तुम्ही मागच्या वर्षी तासाला म्हणाला होता, मी मॅडमना सहज सांगितला. सरांनी डोळे मिटले. सर आठवायचा प्रयत्न करत होते आणि मी देवाचं नाव घेत होतो. मग ते म्हणाले, हां, हां, म्हटलं असेल, मी पुष्कळ काही म्हणत असतो, बरं का. दुपारपर्यंत नकार बाजूला ठेवून त्यांनी तो मुद्दा शफीकभाईंना ऐकवला होता. बुधवारी तो त्यांच्या पीएच.डी.च्या काळातला झाला होता. गुरुवारी त्यांनी मलाच बसवून टेम्पो समजावून सांगितला आणि मी वहीत लिहून घेतला.

शुक्रवारी हॉल खच्चून भरला. खिडक्यांतही पोरं. दारात टेबल टाकून मी यादी ठेवली होती, तिला दोऱ्यानं पेन बांधला होता.

सर आधी उठले. सुरुवात लई झकास केली. घामवाल्यांचे जुने दाखले दिले, गाठोडंवाल्या साहेबाची कबुली डोळे मिटून सांगितली. एक इंग्रज गुरुजी आधी गणित मांडायचे आणि मग ते पुस्तकाच्या मागच्या पानांत ढकलून द्यायचे, तेही सांगितलं, म्हणजे बघा, त्यांनाही त्याची लाज वाटत होती, असा अर्थ सरांनी काढला. मग टेम्पोवर आले. आणि तिथं सरांना राहवेना. ते वर्णनात शिरले. भर उन्हात कापसाच्या झाडाखाली उभ्या बाया, म्हणाले, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन त्यांनी कापूस तोडून दाखवला. आंबे तोडतात तसा.

आमच्याकडं कापूस कमरेला लागतो, लई झाला तर छातीला. वेचणारीची पाठ वाकून मोडते, वर हात करायची वेळच येत नाय. हॉलमध्ये निम्मी पोरं सिल्लोड, सोयगाव, कन्नडची. आधी एक खिडकी हसली, मग सगळ्या हसल्या. सरांना वाटलं, मुद्दा पटला. त्यांनी आणखी उंचावरचा कापूस तोडला.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, फळ्यावर पायऱ्या काढल्या आणि म्हणाल्या की सरांचा मुद्दा खरा आहे, एका टेम्पोचा वक्र नसतो, पायरीच असते. पण एक टेम्पो चारला निघतो, एक पाचला, एक साडेपाचला. कुठं बाया पायी जातात, कुठं बैलगाडीनं. आख्ख्या तालुक्याच्या पायऱ्या एकावर एक ठेवत गेलो तर लांबून काय दिसतं? त्यांनी खडू आडवा धरून एकदाच ओढला. घसरगुंडी. पायऱ्या इतक्या बारीक झाल्या की दिसेनाशा झाल्या. हेच आमचं वळण, म्हणाल्या. खडू तीनदा आपटला. कळलं? आणि हॉलमधली सगळी पोरं एका सुरात म्हणाली, नाही कळलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

मग सर पुन्हा उठले. या वेळी हात खाली होते, आणि जे म्हणाले ते खरोखर त्यांचं होतं, मी दिलेलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, त्या घसरगुंडीत एखादी बाई दिसते का?"

मॅडमनी वळून फळ्यावरची घसरगुंडी बघितली. मी दाराशी उभा होतो, माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं सांगत नाय. ज्यावर मोठमोठ्या साहेबांनी जाडजूड ग्रंथ लिहिले तो वाद माझ्यासमोर, आमच्या हॉलमध्ये, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली उभा होता आणि पोरं श्वास रोखून ऐकत होती.

इथंच थांबलं असतं तर मी आज हा लेख छाती काढून लिहिला असता. पण मॅडमना वाटलं, आभार मानावेत. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाल्या की मंगळवारी सरांनी जो निरोप पाठवला त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सर साधा माणूस. त्यांनी दुसरा माइक घेतला.

"मंगळवारचा माझा निरोप वेगळा होता, बरं का," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं, त्या बाईंसमोर मी उभा राहणार नाही."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि मग दोघांनीही एकदमच दाराकडं बघितलं. मी यादीवर वाकून पेनाचा दोरा सोडवत होतो. गाठी बऱ्याच होत्या.

पोरांना दोन मिनिटांत उलगडा झाला. पुढचा दंगा मी वर्णन करत नाय. शफीकभाई नंतर म्हणाले, "सर, तुम तो दोनों का गला एकसाथ काट दिये." पण यादी, यादी मात्र भरली. वीस ओळी संपल्या, पोरांनी पाठीमागं नावं लिहिली. शनिवारी सकाळी प्राचार्यांकडं यादी गेली तेव्हा नावं एकतीस होती, पोलीस भरतीवालं पोरगं सोडून.

शनिवारी दुपारी मला चौदा नंबरात बोलावणं आलं. गेलो तर सरांच्या शेजारच्या खुर्चीत साळवे मॅडम बसलेल्या. खाली. चौदा नंबरात. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण मी दाराशीच उभा राहिलो.

पहिली दोन मिनिटं नुसतं तुम्ही सुरू करा, नाही, आधी तुम्ही, असं चाललं. मग दोघं सुटले. सर म्हणाले, तुझ्यामुळं भर सभेत मी आंबे तोडले. मी मान्य केलं. मॅडम म्हणाल्या, माझ्या तोंडी तू 'बिनतोड' हा शब्द घातलास, मी आयुष्यात कुठल्याही मुद्द्याला बिनतोड म्हटलेलं नाही. तेही मान्य केलं. सर म्हणाले, आणि माझ्या नकाराचं काय? नऊ वर्षं जपलेला माझा नकार तू जिन्यात सांडलास. मग मॅडम हळू बोलल्या, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या की आम्ही दोघं बोलत नव्हतो, पण तुझ्या तोंडून जे यायचं ते आम्ही डोळे झाकून खरं धरायचो, आमच्या दोघांत तेवढंच एक खरं उरलं होतं आणि तू त्यातही भेसळ केलीस.

कुणाचा आवाज काढावा ते मला सुचेना.

मॅडम म्हणाल्या की पेपर तर बंद होण्यातून वाचला, पण तो तुझ्याकडं द्यायचा की दुसरा कुणी तासावर बघायचा, हे आम्ही दोघं सोमवारी प्राचार्यांना सांगणार आहोत. तेव्हा एक खरं सांग, तो टेम्पो तरी खरा आहे, की तोही जिन्यातच केलास?

मी म्हणालो, टेम्पो शंभर टक्के खरा, माझी आई जायची त्यातनं.

"लाव फोन," मॅडम म्हणाल्या. सर म्हणाले, स्पीकरवर लाव, बरं का.

आईनं फोन उचलला. मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली तर तिनं आधी खरंच मीच आहे ना याची खात्री करून घेतली, कारण मागच्या महिन्यात मी गॅसवाला होऊन तिला फसवलं होतं. मग मी विचारलं की वेचणीला जायची तेव्हा टेम्पो पाचला निघायचा ना गं. तिनं विचारलं, कशाला. मी सांगितलं की कॉलेजात त्यावर मोठा वाद झाला, मी सांगितलं की टेम्पो पाचला निघतो म्हणून बाया पाचला थांबतात.

मग आई सुरू झाली.

"कुणी सांगितलं रं तुला पाचला? तू कवा आलता रानात? नववीपासून तर तुला पुस्तकाला बसवलं. टेम्पोवाला टेम्पोखाली झोपलेला असायचा, त्येला आम्ही उठवायचो. पात संपली की मी मान वर करून पुढची पात बघायची. बोंडं दाट असली, पाठ जरा बरी असली, तर बायांना म्हणायची, घ्या गं अजून एक. पातळ असली तर कमरेची कापसाची ओटी सोडायची, की निघालो. कवा चारला, कवा सहाला. आन तू त्या झोपाळू माणसाला आमचा मालक करून ठिवला व्हय?"

पात म्हणजे वेचणारीच्या वाट्याची ओळ, हे मी सरांना समजावून सांगणार होतो, पण तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. मॅडमनी सरांच्याच टेबलावरचा कागद ओढून वळण काढायला घेतलं होतं. पुढची एक पात, त्या म्हणत होत्या, घ्यावी की न घ्यावी, हाच सीमांत निर्णय, ही बाई उभ्या उभ्या तो काढत होती. सर म्हणत होते, पण मोजते कशानं ती, पाठीनं मोजते, म्हणजे श्रमानंच, बरं का. मॅडम म्हणाल्या, पाठ एका बाजूला आणि बोंडं दुसऱ्या बाजूला, दोन्ही लागतं, नीट ऐका. सर म्हणाले, मी नीटच ऐकतोय, तुम्ही आधी ते रेघोट्या मारणं थांबवा. निरोप्या मधे नसताना ते इतक्या जोरात भांडू शकतात हे मला माहीत नव्हतं. बोलता बोलता सरांनी ड्रॉवर उघडला, वेळापत्रकाचा तक्ता माझ्याकडं सरकवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले की लिही, सोमवार, दुसरा तास, काकडे. आमचे आवाज वर्गात काढायचे नाहीत, असं मॅडमही कागदावरून मान न उचलता म्हणाल्या.

मी लिहायला लागलो. फोन तक्त्यावरच होता आणि आईचं चालूच होतं.

"एवढी शिकलेली माणसं तिथं बसलीत, त्यांच्यापुढं माझ्या नावानं काहीबी सांगतोस. मला विचारायचं होतं की आधी. फोन करायचे बी तुला तासावर पैसे लागतात व्हय?"